चौघांच्या गेमसाठी व्हॉइस चॅट कोणतं? एकाचा आवाज सारखा तुटतो

पंचवटीकर
आम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र. एक नाशिकमध्येच अंबडला कंपनीत, एक पुण्यात, मी पंचवटीत आणि चौथा दिंडोरीकडे, द्राक्षबागेत. दर शनिवारी रात्री साडेदहाला एज ऑफ एम्पायर्स हा गावं वसवून लढायचा गेम खेळतो. आठवड्याभरात मनमोकळं बोलणं होतं ते तेवढंच.

खेळताना बोलायला सध्या डिस्कॉर्ड ॲप वापरतो. दिंडोरीवाल्याकडे ४ जीबी रॅमचा लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. गेम आणि डिस्कॉर्ड एकत्र लावलं की लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाज तुटतो. "मागून ह..." एवढंच ऐकू येतं, तोवर माझं अर्धं गाव पेटलेलं असतं. मागच्या शनिवारी म्हणाला, "तुम्ही तिघं खेळा, माझ्यामुळे खोळंबा नको." तो नसेल तर खेळण्यात राम नाही. फुकटातलं, हलकं काही सुचवा.

सातपूरकर
मंबल बघा, बोलण्यापुरतंच सॉफ्टवेअर. २००५ पासून आहे, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), पैसे लागत नाहीत. व्हिडिओ नाही, स्टिकर नाहीत, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही भार पडत नाही. मात्र सगळ्यांना जोडणारा सर्व्हर कोणीतरी चालवावा लागतो. माझा घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आहे. राउटरमध्ये ६४७३८ पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायचं, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारांसाठी. नेटवाला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता, देतो का, ते आधी विचारा. नसेल तर बाहेरून कोणी जोडलं जाणार नाही.

इंदिरानगर_रात्रपाळी
मंबल चांगलंच आहे, पण आवाज लहान करून पाठवायची पद्धत, म्हणजे कोडेक, मंबल आणि डिस्कॉर्ड दोन्हीकडे ओपसच. सॉफ्टवेअर बदलण्याआधी एवढं करा: डिस्कॉर्ड लॅपटॉपवरून काढून त्याच्या फोनवर लावा. लॅपटॉपवर फक्त गेम. मग चॅनेलच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे आवाजासाठी दर सेकंदाला जाणारा डेटा, ६४ किलोबिटवरून ३२ वर आणा. ६४ ला एक माणूस तासभर सलग बोलला तरी २९ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे डेटा पॅक पुरतो. पण रेंज कमी असेल तर तेवढाही ओघ अडतो.

आणि हेडफोन ब्लूटूथचा आहे का? माइक सुरू झाला की त्यातला आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो. शिवाय हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्‌झवर असेल तर तो आणि ब्लूटूथ दोघं एकाच लहरींवर भांडतात. साधा वायरचा इअरफोन घ्यायला सांगा.

पंचवटीकर
दोघांचे मनापासून आभार. नेटवाला पब्लिक आयपीचे वेगळे पैसे मागतोय, म्हणून मंबल तूर्त राहिलं. बाकी सगळं केलं. हेडफोन ब्लूटूथचाच निघाला. त्याने घरातला जुना वायरचा इअरफोन शोधला, फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला, तिथे रेंजच्या दोन काड्या जास्त येतात.

काल पावणेबारापर्यंत खेळलो. मागे त्यांचा कुत्रा भुंकत होता, तोसुद्धा स्पष्ट. आणि त्याचं अख्खं वाक्य ऐकू आलं: "मागून हत्ती आलेत, भिंत घाल!" घातली.