प्रतिसाद: विल्किन्सन म्हणजे फक्त फेरोसीन नव्हे

वरच्या लिखाणात रसायनशास्त्रज्ञ जेफ्री विल्किन्सनचं काम फेरोसीनपाशीच (दोन कार्बन-कड्यांच्या मध्ये लोखंडाचा अणू असलेलं संयुग) संपवलंय. फेरोसीनची रचना १९५२ची, नोबेल १९७३चं (फिशरसोबत). पण मधल्या काळात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात झालेलं ऱ्होडियम धातूच्या उत्प्रेरकाचं काम माझ्या मते जास्त उपयोगी ठरलं.

हा विल्किन्सन उत्प्रेरक (अल्कीनला, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाला, हायड्रोजन जोडणारा) करायला सोपा: २ ग्रॅम ऱ्होडियम ट्रायक्लोराइड ट्रायहायड्रेट ७० मिली गरम इथेनॉलमध्ये, १२ ग्रॅम ट्रायफिनाइलफॉस्फीन ३५० मिलीत, एकत्र करून नायट्रोजनखाली अर्धा तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात पाडत उकळणं). फॉस्फीन सहापट मोल लागतं, कारण लिगँडही (धातूला जोडला जाणारा रेणू) तेच आणि ऱ्होडियम(III)चं क्षपण करून ऱ्होडियम(I) करणारंही तेच. इथेनॉलमध्ये काटकसर केली, एकूण २०० मिलीच्या आत, तर नारिंगी स्फटिक पडतात. घाबरू नका, फेकूनही देऊ नका. संयुग तेच, रिफ्लक्स चालू ठेवला की गडद लाल होतात.

घोळ होतो तो वापरताना. द्रावणात एक फॉस्फीन सुटतं आणि रिकामी जागा ऑक्सिजन पटकावतो, म्हणून बेंझीन किंवा टोल्यूइन आधी नीट डीगॅस करा (विरघळलेली हवा काढून टाका). अल्कीनमध्ये आल्डिहाइडची भेसळ असेल तर उत्प्रेरक त्याचा कार्बोनिल (CO) ओढून घेतो, द्रावण पिवळं पडतं आणि हायड्रोजन शोषणं मंदावतं. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १९६० सेमी⁻¹च्या आसपास ठळक पट्टा दिसला की समजा, कारण हेच.