ऐहोळे प्रशस्तीतील शके 556 : इ. स. 634 की 634-35?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार. येत्या रविवारी आमच्या वाचनालयात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीवर बोलायचे आहे. रविकीर्तीच्या ऐहोळे प्रशस्तीतील (पुलकेशीची स्तुती करणाऱ्या शिलालेखातील) शके 556 हे वर्ष कुठे इ. स. 634, तर कुठे 634-35 असे छापलेले आढळते. कोणते ग्राह्य धरावे? याच वर्षाला कॉन्स्टँटिनोपल किंवा इराणात काय म्हणत असतील, हेही जाणकारांनी सांगावे.

पंचांगप्रेमी (सातारा)
634-35 हेच धरावे. प्रशस्तीत शकांची 556 आणि भारतीय युद्धापासूनची 3735 वर्षे सरल्याचे म्हटले आहे, म्हणजे ही गतवर्षे आहेत. त्यांत 78 मिळवले की 634 येते खरे, पण हे वर्ष चैत्रात लागून पुढच्या फाल्गुनात संपत असल्यामुळे त्याचे अखेरचे दोन-तीन महिने 635 मध्ये जातात. या दोन आकड्यांतला 3179 चा फरक आजच्या पंचांगातही शक आणि गतकली (कलियुगाची सरलेली वर्षे) यांच्यात जसाच्या तसा सापडतो. घरचे पंचांग उघडून वजाबाकी करून पाहावी.

खरी अडचण शक नसलेल्या लेखांची आहे. पुलकेशीचा भाऊ विष्णुवर्धन याच्या सातारा ताम्रपटात केवळ आठवे राज्यवर्ष दिले आहे. पुलकेशीच्या हैदराबाद ताम्रपटात शके 534 आणि तिसरे राज्यवर्ष एकत्र आले आहे, म्हणूनच सातारा ताम्रपट इ. स. 617 च्या सुमारास ठेवता येतो.

बखरवाचक (मिरज)
उरलेल्या प्रश्नाविषयी. कॉन्स्टँटिनोपलमध्ये वर्ष 1 सप्टेंबरला बदलत असे आणि करआकारणीच्या पंधरा वर्षांच्या चक्रातील क्रमांक, म्हणजे इंडिक्शन, लिहिला जाई. 634 च्या ऑगस्टअखेर सातवे इंडिक्शन होते, पुढे आठवे लागले. मात्र चक्र कितवे हे लिहीत नसत, त्यामुळे सम्राट हेराक्लिअसचे राज्यवर्ष सोबत नसेल तर नुसत्या क्रमांकावरून काहीच ठरत नाही. सिरियात सेल्युकस राजांचा शक चाले, त्याचे 945 वे वर्ष शरद ऋतूत संपून 946 वे लागले. इराणात तिसरा यज्दगर्द 632 मध्ये गादीवर आला, त्याच्या गणनेत जून 634 पासून तिसरे वर्ष.

कोष्टकांत याच वर्षापुढे हिजरी 13 दिसेल, पण ती गणना खलिफा उमर यांनी काही वर्षांनी सुरू केली आणि मागे लागू केली. 634 मध्ये तो आकडा कोणी लिहिलेला नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
आभारी आहे. फलकावर ‘गत शके 556, इ. स. 634-35’ असे लिहीन आणि हिजरीचा रकाना वगळीन.