मदत हवी आहे: क्वांटम डॉटच्या शॉट नॉइजमध्ये फॅनो गुणक ०.५० ऐवजी ०.५६ का येतो?

नमस्कार. मी इंदूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्प म्हणून एका क्वांटम डॉटमधून (इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म कप्प्यातून) जाणारा प्रवाह व त्यातील शॉट नॉइज (इलेक्ट्रॉन सुटे सुटे जात असल्यामुळे प्रवाहात होणारे चढउतार) यांचे संगणकीय प्रारूप तयार करत आहे. माझे मार्गदर्शक चुंबकीय पदार्थांवर काम करतात. त्यांनी विषय आनंदाने मान्य केला, मात्र बारकाव्यांसाठी या क्षेत्रातील कोणाला तरी विचारण्याचा सल्ला दिला, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रारूप साधे आहे. डॉटमध्ये एकच ऊर्जापातळी धरली असून तिच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक इलेक्ट्रोड आहे, आणि दोन्ही बाजूंच्या अडथळ्यांतून इलेक्ट्रॉन टनेलिंगने (अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही त्यातून पार होऊन) ये-जा करतात. पातळी रिकामी असेल तर वर स्पिन किंवा खाली स्पिन असलेला कोणताही इलेक्ट्रॉन आत येऊ शकतो. एक आत असताना दुसऱ्याला येण्यासाठी २ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी जादा ऊर्जा लागते, म्हणजे धारिता साधारण ८० अॅटोफॅरड आहे. तापमान ३०० मिलीकेल्विन घेतले आहे, तेव्हा औष्णिक ऊर्जा ०.०२६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात राहते. दोन्ही बाजूंचा टनेलिंगचा दर प्रत्येक स्पिनसाठी सेकंदाला एक अब्ज इतका समान आहे. या दराने पातळीला येणारी रुंदी औष्णिक ऊर्जेच्या तुलनेत नगण्य असल्यामुळे इलेक्ट्रॉन एकामागून एक, स्वतंत्र उड्या घेत जातात असे मानायला हरकत नसावी.

बायस (दोन इलेक्ट्रोडांमधील व्होल्टता) १ मिलीव्होल्ट ठेवून पातळी बायसच्या खिडकीच्या, म्हणजे त्यामुळे दोन इलेक्ट्रोडांच्या ऊर्जांत पडणाऱ्या अंतराच्या, बरोबर मध्यावर आणली आणि माँटे कार्लो पद्धतीने (यादृच्छिक संख्या वापरून) इलेक्ट्रॉनांच्या उड्या चालवल्या. उजवीकडे बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या नोंदीचे लांब लांब कालखंड पाडले, प्रत्येक खंडातील इलेक्ट्रॉन मोजले आणि त्या संख्येच्या प्रसरणाला सरासरीने भागून फॅनो गुणक काढला. पुस्तकांत एका पातळीच्या डॉटसाठी जे सूत्र भेटते, म्हणजे डाव्या व उजव्या दरांच्या वर्गांची बेरीज भागिले दरांच्या बेरजेचा वर्ग, त्यानुसार समान दरांना उत्तर निम्मे यायला हवे. मला मात्र ०.५५६ मिळते, आणि प्रवाहही ८० पिकोअँपिअरऐवजी १०७ पिकोअँपिअर येतो. खंडांची लांबी वाढवली, यादृच्छिक संख्यांचा जनक बदलला, मास्टर समीकरण (डॉट रिकामा किंवा भरलेला असण्याच्या शक्यता कशा बदलतात ते सांगणारे) वेगळे सोडवून पाहिले, तरी आकडा जागचा हलत नाही. गंमत अशी की बायस ६ मिलीव्होल्टवर नेला की गुणक मुकाट्याने ०.५० होतो आणि प्रवाह १६० पिकोअँपिअरवर जातो. प्रारूपात बदल काहीच नाही, मग वाढत्या बायसने नॉइजचे प्रमाण कमी का व्हावे?

दुसरी शंका शून्याजवळच्या बायसची आहे. दहा मायक्रोव्होल्टला गुणक पाचाच्या वर जातो आणि बायस आणखी उतरवला की आकाशाला भिडतो. शॉट नॉइज इतका कसा वाढेल?

तिसरी विचारणा थोडी व्यावहारिक आहे. खंडवा रोडवरील विद्यापीठ परिसरात कमी तापमानाच्या प्रयोगांची परंपरा असल्यामुळे मित्र विचारतात की ४.२ केल्विनला (द्रव हेलियमच्या तापमानाला) हे मोजूनच का पाहत नाही. ०.५० आणि ०.५६ मधला फरक प्रत्यक्ष मोजता येण्यासारखा असतो का?

प्रतिसाद, बडोद्याहून

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मी या विषयावर बरीच वर्षे शिकवले आहे. आपला ०.५५६ हा आकडा बरोबर आहे. तो म्हणजे पाच नवमांश.

पुस्तकातील सूत्र स्पिन नसलेल्या पातळीचे आहे. आपल्या डॉटमध्ये आत येण्याच्या वाटा दोन आहेत आणि बाहेर जाण्याची एक, कारण आत बसलेल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन ठरून गेलेला असतो आणि जादा ऊर्जेमुळे दुसऱ्याला प्रवेश नसतो. म्हणून आत येण्याचा परिणामी दर दुप्पट होतो. आता दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यामधला काळ पाहा. तो दोन टप्प्यांचा आहे: डॉट भरण्याची वाट आणि रिकामा होण्याची वाट. पहिल्याची सरासरी अर्धा नॅनोसेकंद, दुसऱ्याची एक, एकूण दीड. घातांकी वितरणात प्रसरण सरासरीच्या वर्गाइतके असते, म्हणून एकूण प्रसरण पाव अधिक एक, म्हणजे सव्वा. सव्वाला दीडच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोनने भागा, पाच नवमांश हातात येतील. हेच दीड नॅनोसेकंद १०७ पिकोअँपिअरही देतात. दोन्ही टप्पे सारखे लांब असले की गुणक निम्म्यावर येतो आणि कोणताही एक टप्पा वरचढ झाला की तो एकाकडे सरकू लागतो, कारण मग इलेक्ट्रॉनांची चाल पुन्हा भौतिकशास्त्रज्ञ शॉटकी यांनी १९१८ मध्ये निर्वात नळ्यांसाठी मांडलेल्या स्वैर प्रवाहासारखी होते.

बायस ६ मिलीव्होल्ट झाला की खिडकीची वरची कड मध्यापासून ३ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टवर जाते, दुसऱ्या इलेक्ट्रॉनचे २ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट तिच्या आत येतात आणि दोन्ही स्पिन एकमेकांची दखल न घेता वाहू लागतात. दोन स्वतंत्र मार्ग, प्रत्येकाचा गुणक निम्मा आणि प्रवाह ८० पिकोअँपिअर. त्यात गूढ काही नाही.

ताळा म्हणून उजवा दर डाव्याच्या दुप्पट करून पाहा. डावीकडून आत येण्याच्या दोन वाटा आणि उजवीकडे जाण्याची एक दुप्पट रुंद वाट समान होतील आणि १ मिलीव्होल्टलाच ०.५० मिळेल. मग बायसची दिशा उलटवा: गुणक ०.६८ होईल आणि प्रवाह आधीच्या चार पंचमांश उरेल. माझ्या मते आपल्या प्रकल्पाचा गाभा इथे आहे, कारण प्रवाहातील ही विषमता नॉइज न मोजताही दिसते.

शून्याजवळ आपण शॉट नॉइज मोजतच नाही. बायस शून्य केला तरी औष्णिक नॉइज उरतो आणि भागाकारातला प्रवाह मात्र नाहीसा होतो, त्यामुळे गुणक औष्णिक ऊर्जेची दुप्पट भागिले बायसची ऊर्जा असा चढतो. दहा मायक्रोव्होल्टला याचे उत्तर ५.२ येते. औष्णिक भाग वजा करून मगच गुणक काढावा, किंवा आलेखात तो पट्टा दाखवूच नये. आणखी एक सावधगिरी: पातळी खिडकीबाहेर नेऊन पूर्ण कूलॉम ब्लॉकेडमध्ये (एकेकट्या इलेक्ट्रॉनच्या उड्या बंद पडतात त्या स्थितीत) आपले मास्टर समीकरण जे आकडे देईल, त्यांवर विसंबू नका. तिथे एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉनांनी होणारे कोटनेलिंग प्रवाह चालवते, गुणक एकाच्या वरही जाऊ शकतो आणि आपल्या समीकरणात ती प्रक्रियाच नाही.

मोजण्याबद्दल. १०७ पिकोअँपिअरच्या पूर्ण शॉट नॉइजची घनता ३.४ गुणिले दहाचा उणे एकोणतिसावा घात अँपिअर वर्ग प्रति हर्ट्झ इतकी असते. आपल्याला हवा तो फरक तिचा अठरावा भाग. खोलीच्या तापमानातील एक गिगाओहमचा रोध, जो अशा अॅम्प्लिफायरमध्ये सर्रास असतो, एकटाच या फरकाच्या सुमारे नऊपट नॉइज ओततो. दोन अॅम्प्लिफायरांचा सहसंबंध काढून आणि दीर्घकाळ सरासरी घेऊन हे पार करता येते, पण एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या प्रकल्पात नव्हे. शिवाय ४.२ केल्विनला औष्णिक ऊर्जा ०.३६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट होते आणि आपल्या २ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जादा ऊर्जेच्या तुलनेत ती इतकी मोठी आहे की पाच नवमांशांचा सपाट पट्टा उरणारच नाही. झुरिकमध्ये २००६ साली शेजारच्या क्वांटम पॉइंट काँटॅक्टच्या (डॉटमधील इलेक्ट्रॉनची चाहूल घेणाऱ्या अरुंद वाटेच्या) प्रवाहातील पायऱ्या पाहून इलेक्ट्रॉन एकेक मोजले गेले आणि गुणक निम्म्याजवळ उतरलेला दिसला, पण तिथले दर मुद्दाम इतके मंद ठेवले होते की प्रवाह अॅटोअँपिअरमध्ये सांगावा लागेल.

धागाकर्ता

सर, मनःपूर्वक आभार. दर बदलून ताळा पाहिला. एका दिशेला ०.५०, उलट दिशेला ०.६८ आणि प्रवाहाचे गुणोत्तर ०.८ आले. आता चुंबकीय क्षेत्र घालून एकच स्पिन खिडकीत ठेवावा असा विचार आहे. गॅलियम आर्सेनाइडसाठी ८ टेस्लाला दोन स्पिनमधील अंतर ०.२ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. डावीकडची फर्मी पातळी (इलेक्ट्रोडमधील इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती) त्यांच्या बरोबर मध्ये ठेवली, तर दोन्हींपासून ०.१ चे अंतर राहील. ३०० मिलीकेल्विनला हे पुरेल का?

प्रतिसाद, बडोद्याहून

काठावर पुरेल. ०.१ म्हणजे औष्णिक ऊर्जेच्या चौपटीला किंचित कमी, त्यामुळे वरच्या स्पिनला दोन टक्के वाट मिळत राहील आणि तितकाच कच्चेपणा प्रवाहात व गुणकात दिसेल. १०० मिलीकेल्विनला ही गळती जवळपास नाहीशी होते, आणि संगणकातले तापमान उतरवायला हेलियम लागत नाही. दोन्ही तापमानांचे आलेख शेजारी शेजारी द्या, आणि १०७ वरून ८० पिकोअँपिअरवर येणारी प्रवाहाची पायरी त्याच चित्रात दाखवा.