भावंडांतलं मिलन निसर्गात नेहमीच घातक असतं का?

जुईली: पिकायला आलेलं उंबर काल फोडून भिंगाखाली धरलं. आत चिलटाएवढ्या गांधीलमाश्या. बिनपंखी नर, जिच्यात माशी वाढते त्या फुलाच्या गाठीला भोक पाडून आतल्या मादीशी मिलन करत होता. अंडी एकाच मादीने घातली असतील तर ही सगळी सख्खी भावंडं! कोट्यवधी वर्षं असंच चाललंय आणि वंश टिकलाय. कारण यांच्या नरात गुणसूत्रांचा एकच संच असतो. वाईट जनुक झाकायला जोडीदार जनुक नाही, त्यामुळे तो नर मरतो आणि दोष दर पिढीत गाळला जातो. शिवाय त्याच बहिणींसाठी मुलगे आपसातच झगडणार, म्हणून आई मुलगे मोजकेच घालते, मुली भरपूर. इंग्लंडच्या चिलिंगहॅमची रानटी गुरंही शतकानुशतकं बाहेरच्या रक्ताविना आहेत. 1947च्या हिवाळ्यात 13 उरली होती, आज शंभरावर आहेत. मग लहान कळप दिसला की 'बाहेरचं रक्त आणा' हा धोशा कशाला?

दत्ता शेळीवाला: ताई, माशीचा न्याय चार पायांच्या जनावराला लावू नका. आम्ही घरचाच बोकड ठेवला होता. तिसऱ्या वर्षी करडं अशक्त, एकाचा जबडा वाकडा, आईचा सडही धरता येईना. बोटाने दूध पाजलं, तरी चौथ्या दिवशी गेलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्यूमांचं, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजरांचं, हेच झालं होतं. 20-30 उरलेले, शेपट्या मुडपलेल्या, काहींच्या हृदयाला छिद्र. 1995 मध्ये टेक्सासहून 8 माद्या आणल्या तेव्हा पिल्लं तगायला लागली. चिलिंगहॅमचा कळप वाचला म्हणून आपल्याला दिसतो. असे संपलेले कळप कोण मोजणार?

जुईली: हा मुद्दा मान्य, वाचलेल्यांवरून नियम काढायला नको होता. पण बाहेरचं रक्त येऊनही काय होतं ते अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटाच्या लांडग्यांत बघा. 1997 मध्ये गोठलेल्या सरोवरावरून एक नर आला, त्याची पिल्लावळ बेटभर पसरली. मोठ्या कळपात झाकून राहणारे घातक जनुक त्याच्याकडे होते. पुढे त्याच्याच वंशात आपसात मिलन झालं आणि ते उघडे पडले. 2016 मध्ये दोनच लांडगे उरले, बाप आणि लेक.

दत्ता शेळीवाला: म्हणजे एकच पाहुणा आला आणि पुढे कोणी आलंच नाही, हा दोष. बोकड एकदा बदलून भागत नाही, दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. त्या बेटावरही 2018 पासून नवे लांडगे सोडावेच लागले ना?