गणपतीत व्हीगन स्टॉल, काय ठेवू?

सोसायटीत स्टॉल लावायचाय, दूध का सोडलं ते सांगायला. गेल्या वर्षी वासरांचे फोटो लावले तर काकू लोक लांबूनच गेल्या, एक आजोबा म्हणाले आधी गोठ्यात जा मग बोल.

> फोटो काढ बाबा. सोलकढी ठेव, नारळाचीच असते, आणि उकडीचे मोदक, फक्त तूप नको, उकडीतही आणि वरूनही. खाल्लं की लोक स्वतःच विचारतात.

> आजोबांचं चुकलं काय? जाच. पान्हा फुटायला वासरू लावतात, जरा चोखलं की ओढून बांधतात, ते बघून बोल.

> शेंगदाण्याचं दही कर, विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ. आणि दूध सोडलं की बी१२ व्हिटॅमिनची गोळी लागते हे लपवू नकोस, मी दोन वर्षं घेतली नाही, पायाला मुंग्या यायच्या.