'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' पाचव्या आवृत्तीत: आकडे बदलायचे की नियम?

शाहूपुरीचा फासा:
कोल्हापुरात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची (फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) नवी टेबलं बसायला लागलीत आणि जो तो 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे जुन्या बेसिक आवृत्तीतलं अ‍ॅडव्हेंचर (कीप म्हणजे किल्ल्यावरून निघून राक्षसांच्या गुहा धुंडाळायच्या) पाचव्या आवृत्तीत (२०१४ चे नियम) आणायला बघतोय. माझं मत, आकडेमोड करूच नका. बेसिकमध्ये आर्मर क्लास (फटका लागणं किती अवघड तो आकडा) कमी तितका चांगला. १९ मधून वजा केला की नवा मिळतो. ओग्र या धिप्पाड राक्षसाचा ५ म्हणजे १४. पण कशाला? नव्या पुस्तकातला ओग्र उचला, जुन्या नकाशावर ठेवा.

दाजीपूरचा गवा:
दादा, असं केलं की पहिल्या दोन गुहांतच टेबल आडवं. बेसिकच्या ओग्रला सरासरी १९ हिट पॉइंट (जीव), फटका १डी१० (दहा बाजूंचा एक फासा). नव्याला ५९, आणि हाणतो २डी८+४. ऑर्क राक्षसाच्या १डी१२+३ ला पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार) एका दणक्यात झोपतो. कोबोल्ड हे बुटके राक्षस किरकोळ दिसतात, पण पॅक टॅक्टिक्स या गुणामुळे घोळक्यात अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) घेऊनच मारतात. राक्षसांची संख्या जुनीच ठेवायची तर ऑर्कचे हिट पॉइंट १५ चे ७ करा, डॅमेज १डी८. नाहीतर संख्या निम्मी.

पन्हाळ्याची पायरी:
दोघंही फासेच मोजायला लागलाय. खरा घोळ एक्सपीत (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) आहे. बेसिकमध्ये १ मोहर आणली की १ एक्सपी, म्हणून माणसं लढाई टाळून माल पळवतात. पाचव्यात गॉब्लिन मारला की ५० आणि दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात. सहा जणांना १,८००, म्हणजे ३६ गॉब्लिन कापा! मग कत्तलीशिवाय करणार काय?
उपाय: ५ मोहरांना १ एक्सपी, तोही कीपवर पोचल्यावरच, सगळ्यांत वाटून. मारल्याचे एक्सपी शून्य. सोबत बेसिकचं मोराल (राक्षसांची हिंमत) घ्या: गॉब्लिनचं ७. पहिला पडल्यावर आणि निम्मे पडल्यावर २डी६ टाका, ७ च्या वर आलं की पळाले.

शाहूपुरीचा फासा:
एवढं बदलायचं तर सरळ बेसिकच खेळा की! पाचव्याच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीचा कागद) निम्म्याहून जास्त मजकूर लढाईचा. पोरांनी तो वापरायचा कधी? माइलस्टोन द्या (एक्सपी न मोजता कथेच्या टप्प्यावर लेव्हल), विषय संपला.

पन्हाळ्याची पायरी:
माइलस्टोन दिला की मोहरांची किंमत गेली. त्याच गुहांत गॉब्लिन अडचणीत आले की २५० मोहरांची थैली शेजारच्या ओग्रकडे फेकतात आणि तो मदतीला धावतो. मोहरांना वजन असेल तरच खेळाडू ओग्रला ३०० देऊन फोडायचा विचार करतील. ही खोली नुसती लढाई म्हणून चालवणं म्हणजे तांबडा-पांढरा सोडून कोरडी भाकरी खाणं.

दाजीपूरचा गवा:
एक्सपीचं पटलं. मोरालचं अर्धंच: ओग्रचे ५९ तसेच ठेवले तर मोराल तपासायची वेळ येण्याआधी पार्टी संपते. आकडे आधी, भावा. आणि लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) विसरलात दोघंही. आठ तास झोपून सगळे स्पेल (मंत्र) परत मिळाले तर भटक्या राक्षसांच्या फाशाला (बेसिकमध्ये दर दोन टर्नला, म्हणजे खेळातल्या वीस मिनिटांनी, सहात एक) कोण भितो? पाचव्यातलाच ग्रिटी रिअ‍ॅलिझम हा पर्यायी नियम लावा: शॉर्ट रेस्ट ८ तास, लाँग ७ दिवस, लाँग फक्त कीपवर.

शाहूपुरीचा फासा:
सात दिवस? तेवढ्यात रिकाम्या गुहांत दुसरी टोळी येऊन बसेल.

पन्हाळ्याची पायरी:
बसू दे की. तेच पाहिजे.