प्रतिसाद: इंजिनीअरलाही विज्ञान शिकवता येतं

ताई, तुमच्या भावाने बी.ई. केलंय म्हणून विज्ञान शिक्षक होता येणार नाही, असं वर कुणीतरी लिहिलंय. त्याने खचू नका. एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांत विज्ञान-गणितासह बी.ई. झालेल्यांना ५५ टक्क्यांवर बी.एड.ची पात्रता आहे, बी.एस्सी.ला ५० पुरतात. मात्र आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या शिक्षकांसाठी असतं, म्हणून भावाला नियमित कॉलेजच बघावं लागेल.

सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आत्ताच काढून ठेवा. भौतिक, रसायन, गणित किती झालं ते तिथेच कळतं, पदवी प्रमाणपत्रावर नाही.

सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर: १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे. उरलेले बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे, म्हणून मराठी व्याकरण आजपासून सुरू करायला सांगा.